मासा खाताना बोलायचं न्हाई

बाबा, तुमी ज्या पाण्यात गेले त्या पाण्याच्या काठाला मी जेवायला जाऊन आले. शनिवार-आईतवार दोन दिवस मैत्रिणीबरोबर बाहेरच जेवले, शनिवारी औंढ्याला आन आईतवारी धरणावर. तुमाला खरं वाटायचं न्हाई. तुमची पोरगी दुकानाच्या दाराला धरून हुबी राहायची, दुकानदारानं दोनदा विचारलं तरी तोंड उघडायची न्हाई, मंग मागून तुमीच म्हणायचे, "साखर द्या तिला." ती अजून तशीच हाय. सतरा वर्षांची झाली, पण तशीच. आईला एक सांगायचं हाय, ते तोंडातून निघून न्हाई राहिलं, म्हणून तुमाला लिहून राहिले. नववीत शाळा सुटली माझी. अक्षर तवाचंच हाय.

आता मी वसमतला हळदीच्या गोडाऊनला जाते. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, मोडकं-तोडकं तिसरीकडं, दिवसभर तेच. तुमी मोंढ्याच्या बाजारात जी पोती पाठीवर घ्यायचे ती आमीच भरतो म्हणा ना. हात पिवळे झालेत माझे, कितीबी घासले तरी जात न्हाई. तिथंच दोघी मैत्रिणी भेटल्या. एक तांड्यावरून येती, तिचा आवाज एवढा मोठा की मुकादम बी तिच्यापुढं हळू बोलतो. दुसरीचं लग्न ठरलंय, आमी तिला नवरीच म्हणतो. लग्नानंतर ती पुण्याकडं जाणार, तिथं नवरा कंपनीत हाय. तिनंच काढलं हे. "मालकाच्या घरी लग्न हाय, गोडाऊन दोन दिवस बंद. मला एकदा हॉटेलात बसून, मागवून खायचंय. सासरी गेल्यावर मलाच करून घालायचंय सगळ्याला." तिची मावशी धरणाच्या अलीकडच्या गावात राहती, रातचा मुक्काम तिच्याकडं. आईनं इतलंच विचारलं, "औंढ्यालाच ना?" मी म्हणलं, व्हय. तवा ते खरंच व्हतं.

शनिवारी देवाचं दर्शन घेतलं आन बसस्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो. पंख्याखालचा टेबल बघून बसलो. पोऱ्यानं मेनूकार्ड आणून दिलं, प्लास्टिकमधलं. तांड्याची म्हणाली, "ए भाऊ, हे वरचं काय हाय?" तो म्हणाला, "मंचूरियन, ताई." "कशाचं असतं?" "कोबीचं." "कोबी माझ्या घरी बी हाय की रे, दुसरं सांग." शेजारच्या टेबलावरचे लोकं हसायले. नवरीनं शेवभाजी सांगितली, तिनं मसाला डोसा. मंग दोघी माझ्याकडं बघायल्या.  मी न वाचताच कार्डावर कुठंतरी बोट ठेवलं. आलं काय, तर काकडी आन कांद्याच्या चकत्यांची ताटली. तांड्याचीनं टेबलावर डोकं टेकवून हसून घेतलं. "अगं माय, बसचं तिकीट काढून आली आन कांदा खाती!" मी बी हसले. खरंच हसले, बाबा. दोघींनी आपल्यातलं अर्धं अर्धं माझ्याकडं सरकवलं. असं मला कोणी सरकवून दिलं त्याला लई वर्षं झाली.

संध्याकाळी मावशीकडं गेलो. मावशी चहा गाळता गाळता म्हणाली, "उद्या धरणावर जा पोरीहो. इथवर आल्या आन धरणाचा मासा खाल्ला न्हाई तर आल्या काहून?" नवरी तर उडालीच. मंग माझ्याकडं वळली, "तू खाती ना गं मासा?" त्या दोघींना मी इतलंच सांगितलेलं की वडील न्हाईत. कसे गेले ते त्यांनी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. मी मुंडी हलवली. व्हय म्हणून हलवली का न्हाई म्हणून, माझं मलाच कळलं न्हाई. त्यांनी व्हय धरलं.

आपल्या घरात अकरा वर्षांत मासा आला न्हाई. ते भगुनं आठवतं का तुमाला, मासळीचं? बाहेरच्या चुलीचं, बुडाला काळं, एका कानाचं. आई त्याला घरात येऊ द्यायची न्हाई. ते आता पत्र्यावर पालथं हाय, वर दगड ठेवलाय. वारं सुटलं की खडखड वाजतं. धाकट्यानं एकदा विचारलं, "ते काढून टाकू का?" तर आई म्हणाली, "राहू दे." तुमी गेले तवा धाकटा आईच्या पोटात व्हता. त्याला वाटतं सगळ्याच घरात एक भांडं पत्र्यावर असतं.

मला ती चूल दिसती. आईतवारी तुमी धरणावरून आले की ओलं जाळं कुडाच्या भिंतीवर टाकायचे आन स्वतःच मासे साफ करायला बसायचे. आई बाहेरच्या चुलीवर रस्सा टाकायची, तिकडं तिखटाचा ठसका, शेजारणी खोकायच्या. मंग आपण अंगणातच जेवायला बसायचो. मला ताट येगळं नसायचं. मी तुमच्या मांडीला टेकून बसायची आन तुमी घास करून द्यायचे. पयले मासा चिमटीत धरून बोटानं उलगडायचा, काटा बघायचा, उजेडाकडं धरून परत बघायचा, मंग माझ्या तोंडात. मी गप्प बसणारी पोरगी, पण त्या येळेला मला बोलायला सुचायचं, भरल्या तोंडानं. एकदा तसंच बोलले आन काटा अडकला. तुमी भाकरीचा कोरडा तुकडा मुठीत दाबून गोळा केला आन म्हणाले, "चावू नको. गीळ." काटा गेला. मी रडून घेतलं, मंग तुमी रागावले. तुमी रागावलेले मला ते एकदाच आठवतं. "मासा खाताना बोलायचं न्हाई. किती डाव सांगितलं? सगळं जग बोलून राहिलं तरी आपण गप खायचं." आई पदर तोंडाला लावून हसत व्हती.

आता ते सांगते. तुमाला सोडून कोणाला सांगता येत न्हाई, आन तुमाला बी आजच सांगून राहिले.

त्या शनिवारी तुमची कंबर भरली व्हती. मोंढ्यातून आले ते वाकूनच आले. आईनं शेक दिला. तुमी म्हणाले, उद्या काय जात न्हाई, पडून राहतो. मी तुमच्याजवळ येऊन म्हणलं, मला मासा पाहिजे. तुमी म्हणाले, पुढच्या आईतवारी. मंग मी तुमच्या कानात बोलले. शेजारच्या बायका वट्ट्यावर बोलायच्या ते मी ऐकलेलं व्हतं, पोटुशी बाईनं मागितलं की न्हाई म्हणता येत न्हाई. मी म्हणलं, "आईला पाहिजे. तिला डोहाळे लागलेत." तुमी माझ्याकडं बघितलं. "खरं का? तिनं सांगितलं तुला?" मी म्हणलं, व्हय. तुमी हसले आन म्हणाले, "मंग तिला सांगू नको. एकदम आणून देऊ." आपल्या दोघांचं ते गुपित झालं. मला लई आनंद झाला, बाबा. तुमचं आन माझं असं काहीतरी व्हतं, आईला माहीत नसलेलं.

पुढचं मला मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं. तुमच्यासंगं मासे धरायला गेलेल्या जोडीदारानं सगळ्याला सांगितलं. दुपारपर्यंत काही लागलं न्हाई, तो म्हणाला चला घरी, तर तुमी म्हणाले, "बायकोला डोहाळे लागलेत, खाली हातानं जाता येत न्हाई." मंग जाळं टाकलं ते खाली कशाला तरी अडकलं. तुमी सोडवायला उतरले. कंबर भरलेली. तुमाला शोधायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मामा मला घेऊन बाभळीखाली हुबा व्हता, तुमाला चादरीत गुंडाळून आणलं. मी म्हणलं, बघू द्या. कोणी बघू दिलं न्हाई. मागून एक बाई दुसरीला हळू म्हणाली, मासळीनं चेहरा ठेवला न्हाई. तिला वाटलं पोरीला काय कळतंय. मला सगळं कळलं. तवापासून मी तुमचा चेहरा आठवायला गेले की पाणी दिसतं.

लोकांनी आईला धरलं. हिच्या जिभेपायी गेला म्हणाले. आजी तर मरेपर्यंत म्हणत राहिली. आई पयल्या दिवशी म्हणाली व्हती, "मी कवा म्हणले?" एकदाच. मंग गप झाली आन भगुनं पत्र्यावर ठेवलं. मी दहा वर्षांची असंल, आमी दोघी भांडे घासत व्हतो, तर आपल्या आपणच बोलायली, "मला तर काही केल्या आठवत न्हाई गं. पण मागितलं आसंल मी. त्या दिवसांत बाईचं तोंड काय काय मागतं, ध्यानात राहतं का?" माझ्या हातात तवा व्हता. मी तो घासत राहिले. स्वच्छ झाला तरी घासत राहिले. आई म्हणाली, "बस की आता, भोक पाडती का?"

तर आईतवारी आमी धरणावर गेलो, मावशीच्या गावातून ऑटोनं. उन्हाळ्यानं पाणी लई मागं गेलंय. जिथं पाणी व्हतं तिथं आता गाळात टरबुजाचे येल पसरलेत. काठाला पत्र्याचं शेड, एक मोठा तवा, टबात जिवंत मासे, आन झाडाखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. नवरी म्हणाली, सावलीत बसू. जवळ गेले आन बघितलं तर बाभूळच ती. खालूनच दोन फांद्या झालेली. मामाचा हात धरून मी तिच्याखालीच हुबी व्हते. पाय पुढं टाकवंना. तांड्याची म्हणाली, "काय गं, चप्पल तुटली का?" मी मुंडी हलवली आन बसले.

टेबलाला खुर्च्या चार, आमी तिघी. नवरीनं आपली बॅग चौथ्या खुर्चीवर ठेवली. मी ती उचलून माझ्या मांडीवर घेतली. "ठेव की तिथं, वझं काहून धरून बसली?" मी म्हणलं, असू दे. शेडमधल्या माणसानं पाणी आणलं ते चार ग्लास. तांड्याची म्हणाली, "काका, आमी तिघीच हाव." तो म्हणाला, "खुर्च्या बघून आणलं बाई, राहू द्या, ऊन हाय." राहू दिलं. त्या ग्लासातलं पाणी हलत व्हतं. वाऱ्यानं टेबल हलत आसंल.

"रोहू देऊ का कटला?" त्यानं विचारलं. नवरी म्हणाली, जो चांगला आसंल तो. त्यानं टबातून एक काढून आमाला दाखवला, तोंड उघडझाप करत व्हता. मी पाण्याकडं तोंड फिरवलं, तर तिकडं बी पाणीच. मनात आलं, अकरा वर्षं झाली, तवाचे मासे आता कुठून राहतील? ह्याची आजी आसंल, पणजी आसंल. ह्यानं काही केलं न्हाई. मंग वाटलं, मी हे काय मोजून राहिले?

ताटं आली. तव्यावरचे तुकडे, रस्सा, भाकरी, कांदा. रश्श्यात मुंडकं व्हतं, तांड्याचीनं ते माझ्या ताटात टाकलं. "घे, काल कांदाच खाल्ला, आज मानाचं खा." मुंडकं तुमीच खायचे. त्याचा डोळा पांढरा झालेला. मी त्याच्यावर भाकरीचा तुकडा झाकला. मंग एक तुकडा हातात घेतला, आन बाबा, मला खाता येईना. मला काटा काढायला येतच न्हाई. सहा वर्षांपर्यंत तुमी काढून दिला आन त्यानंतर मासाच न्हाई. कोण शिकवंल? मी तुमची बोटं आठवली. चेहरा आठवत न्हाई, पण बोटं आठवली, हळदीनं पिवळी, नखं तुटलेली. माझ्या हाताकडं बघितलं तर तेच हात. चिमटीत धरला, उलगडला, काटा काढला, उजेडाकडं धरला, परत काढला. एक तुकडा पुरा निवडला आन ताटाच्या कडंला ठेवला, चौथ्या खुर्चीकडं. दोघी बोलून राहिल्या, नवऱ्याचं, सासूचं, पुण्याचं. तेवढ्यात नवरीनं हात लांबवला, "तू खाऊन न्हाई राहिली, मी घेऊ का?" आन तोंडात टाकला. मी न्हाई म्हणायच्या आत. चावून म्हणाली, "येक बी काटा न्हाई गं! कुठं शिकली? तुझ्या घरी लई करतात वाटतं मासे."

दुसरा तुकडा तवा माझ्या तोंडात व्हता. अकरा वर्षांचा पयला. आन मला बोलायचं आलं. आतून आपोआप आलं, साखर मागायला जे कवा आलं न्हाई ते. मी म्हणलं, "आमच्या घरी माझे बाबा..."

तिथंच काटा अडकला.

डोळ्यात पाणी आलं. तांड्याचीनं पाठीत मारलं, शेडमधल्या काकूनं भाताचा घास दिला, पाणी पाजलं. "आ कर, आ कर," म्हणून नवरीनं मोबाईलची बत्ती घशात मारली. दिसला न्हाई. टोचत राहिला. मी त्या पाण्याकडं बघत राहिले. पाणी आपलं गप, ऊन पडलेलं. मला वाटलं तुमी चौथ्या खुर्चीवर बसून म्हणून राहिले, किती डाव सांगितलं? आन त्याच्यावर वाटलं, तुमी रागावलेत ते मी बोलले म्हणून का खाल्लं म्हणून? का त्या शनिवारचं तुमाला तिथं, पाण्यात, कळलं? जाळं सोडवायला उतरताना तुमाला कळलं व्हतं का की पोरगी खोटं बोलली?

परतीच्या बसमध्ये नवरीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. म्हणाली, "तुझ्या बाबांचं काय म्हणत व्हती तू?" मी घशाकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ दे, मंग सांग." आता पुढच्या महिन्यात ती जाईल. मंग कवा सांगू?

घरी आले तवा दिवस मावळायला आला व्हता. आई चुलीपुढं, धाकटा अंगणात सायकलची चेन बसवून राहिला. मी मोरीवर जाऊन हात धुतले, परत धुतले, पण वास येणारच नव्हता, हळदीच्या हाताला दुसरा वास टिकत न्हाई. आईजवळ जाऊन बसले. तिनं विचारलं, "आवाज काहून बसला?" मी म्हणलं, "थंड पाणी पेले हॉटेलात." तिनं माझ्याकडं बघितलं. मी थुंकी गिळताना मान कशी करून राहिले ते बघितलं. तव्यावरची भाकरी उतरवली, मधून तुकडा मोडला, भाजी न्हाई, तेल न्हाई, तसाच गरम मुठीत दाबून गोळा केला आन माझ्यापुढं धरला.

"चावू नको. गीळ."

थंड पेल्यावर कोणी कोरडी भाकर गिळायला देत न्हाई, बाबा. मी तिच्याकडं बघितलं. ती चुलीकडं बघत व्हती. मी गोळा गिळला. तिनं पिठाचा हात परातीत फिरवला आन हळू विचारलं, "धरणाचा का?" मी मुंडी हलवली.  मंग म्हणाली, "ताजा व्हता का?" मी परत मुंडी हलवली. तिचं तोंड रागाचं नव्हतं. कसं व्हतं ते मला लिहिता येत न्हाई. जशी एखादी बाई माहेरच्या गावाहून आलेल्या माणसाला, पीक कसं हाय म्हणून विचारती, तसं विचारलं तिनं.

मला वाटलं आत्ता. आत्ता सांगायचं. धाकटा बाहेर हाय, चूल पेटलेली हाय, ती माझ्याकडं बघून न्हाई राहिली. मी म्हणलं, "आई, त्या शनिवारी बाबाला मी..."

"काटा हाय तवर बोलू नये," ती म्हणाली. हे बी तुमचंच सांगणं. अकरा वर्षांत पयल्यांदा तिच्या तोंडून. "पयले जाऊ दे त्याला." आन दुसरा गोळा करायला घेतला. मी गिळला. "गेला का?" मी न्हाई म्हणून मान हलवली. तिनं तिसरा केला. वर पत्र्यावर भगुनं एकदा वाजलं, दोघींनी वर बघितलं, दोघींनी खाली बघितलं.

आज चार दिवस झाले. ती रोज सकाळी विचारती, गेला का, आन मी मान हलवते. धाकट्याच्या जुन्या वहीची मागची पानं फाडून हे लिहिलंय. भगुन्याखाली ठेवावं म्हणलं तर दगड उचलल्यावर वाजतं. धरणात सोडावं म्हणलं तर तिथं मासे हाईत. कामाच्या पिशवीत, हळदीच्या फडक्यात गुंडाळून ठेवते, कुठं जाणार न्हाई ते.

एक सांगायचं राहिलं, बाबा. काटा पयल्याच गोळ्याला गेला व्हता.